सहा स्क्रू

यसवती टीचरनी पंप आणला
वर्तमानपत्रात गुंडाळून, मासा आणावा तसा.
"टिकटिक करत नाही," म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

दोन वर्षं, म्हणजे त्या टंचाईपासून.
बदुल्ल्याच्या चढावर तीन दिवसांची रांग,
लोक बॉनेटवर भाताच्या पुड्या सोडून जेवत होते.
टीचरची मॉरिस मायनर, बदामी,
नंबरात अजून 'श्री' मिरवणारी,
रांगेतच कोरडी पडली.
शाळेतल्या जुन्या पोरांनी ढकलत घरी नेली.

अंगावर खळगे. पान्याच्या बुडाचे.
बंद पडला की टीचरचे यजमान बॉनेट उघडून
ठेवून द्यायचे एक. चालायचा बिचारा.
मार खाल्लेल्या वस्तू जास्त टिकतात म्हणतात.
मी त्या उघडून बघतो,
म्हणून मी म्हणत नाही.

सहा स्क्रू. पाच आले.
सहावा माझ्या वयाचा.
रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी एक शब्द न बोलता फिरला.

आत पेट्रोल वाळून कित्तुलच्या काकवीसारखं.
पॉइंट जळलेले:
एकावर टेकडी, दुसऱ्यावर त्याच मापाचा खड्डा.
इतकी वर्षं ठिणगी इकडचं तिकडे वाहत होती,
कणाकणाने,
कुणाच्या लक्षात न येता.

पितळी रोलर अकरा असतात. ओंजळीत पडले ते दहा.
पुन्हा मोजले. दहा.
अकरावा नातीला सापडला,
मांजराच्या बशीत.

आणि डायाफ्रामच्या पदरांमध्ये
एक परकी चकती. काळपट, कडक.
खिडकीपुढे धरली.

दोन बरगड्या.
तिसरी अर्धी.

कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे,
गोल कापलेला,
कडेने सहा भोकं
सहा स्क्रूंसाठी.

कडेवर बोट फिरवलं. ठरावीक अंतराने एक खाच,
उजव्या हाताची कात्री डाव्याने चालवली की पडते तशी.
या रस्त्यावर डावखुरा मेकॅनिक एकच होता,
आणि तो मला भात कालवून भरवायचा.

चौऱ्याहत्तर साल असेल.
बाहेरचा माल बंद. डाळ नाही, कापड नाही,
डायाफ्राम कोण पाठवतो?

अम्माला दाखवली. तिने चष्मा लावला नाही.
"तेव्हा काही मिळत नव्हतं," म्हणाली.
"घरात होतं ते कापलं."
कुणाचा, विचारलं.
ती लसूण सोलत होती.
सोलत राहिली.

नवा संच इंग्लंडहून दीड महिन्याने आला,
सोबत पानभर सूचना:
डायाफ्राम आत फिरवत न्या, पॉइंट उडायचे थांबेपर्यंत.
मग एकेक भोक मागे, उडू लागेपर्यंत.
मग आणखी चार भोकं.

तात्ता पान वाचत नसे. तो म्हणायचा,
आधी गळा आवळ,
मग श्वास येईल इतकं सोड,
आणि वर थोडं.
ते वरचं थोडं विसरू नकोस, पोरा,
सगळे तेच विसरतात.

पोयाच्या दिवशी बसवला.
टीचरनी चावी फिरवली.
टकटकटकटक टक टक
टक
टक

मग गप्प.

त्यांचा चेहरा उतरला. "गेला पुन्हा?"
"नाही, टीचर. भरला.
रिकामा असला की बडबडतो,
भरला की बोलत नाही."

आम्ही दोघं तशीच उभी, बॉनेटला कान देऊन,
देवळात उभं राहावं तशी नाही,
दूध उतू जाईल का बघत उभं राहावं तशी.

बऱ्याच वेळाने, एकच:
टक.

कुठेतरी वॉल्व्ह जरासं सोडतो आहे.
"पुढच्या आठवड्यात बघतो," मी म्हटलं.
टीचर म्हणाल्या, राहू दे.
तेवढं कळलं पाहिजे, आत कुणी आहे ते.

बिलात ती चकती मी लावली नाही.
परतही दिली नाही.